पावलं वेचणारं कोणीतरी

१

वाटेत आडवा ओंडका आला की तेओलिंदा मानिवारी पाय उचलण्याआधी कोयत्याच्या मुठीने त्यावर दोनदा टकटक करायची. खाली साप निजला असेल तर बिचाऱ्याला उठून जायला सवड मिळावी, एवढाच हेतू. "लोकांच्या घरात शिरताना आपण दार वाजवतोच की," असं ती मागे वळून पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे न चुकता हसायचे. टकटक तिच्या बापाची, विनोदही बापाचाच. मारान्योन नदीच्या काठावरच्या त्या लॉजभोवतालच्या सगळ्या वाटा त्यानेच, डॉन ग्रिमाल्दोने, पाडलेल्या होत्या. पाहुण्यांना माकडं, मकाव पोपट, स्लॉथ दाखवत त्याने त्याच वाटांवर उभा जन्म काढला, आणि त्याच्या मागे मागे चालत ही पोरगी मोठी झाली. आता ती पुढे चालायची आणि म्हातारा गावी अंथरुणाला खिळला होता.

त्या सकाळी तिच्या मागे दोनच पाहुण्या होत्या, आरेकीपा शहराहून आलेल्या दोन निवृत्त शिक्षिका, सख्ख्या बहिणी. थोरल्या ओर्तेन्सियाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धाकट्या एदेल्मिराबाईंच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"आंधळीला जंगल दाखवायला आणलंय मी," एदेल्मिराबाई म्हणाल्या. "माझ्यासारखी शहाणी मीच."

"तू बघ आणि मला सांग," थोरल्या म्हणाल्या. "जन्मात एकदा तरी तुझी बडबड कामी येऊ दे."

तिघी ओढ्यावरचा ओंडका ओलांडून पलीकडे आल्या. वर फांदीत एक सुस्त स्लॉथ मादी पोराला पोटाशी घेऊन लोंबकळत होती. एदेल्मिराबाई ती पाहण्यात गुंगल्या. ओर्तेन्सियाबाई मात्र मान तिरकी करून मागच्या वाटेकडे कान लावून उभ्या राहिल्या.

"आपल्या मागे कोण आहे गं?"

"कुणी नाही, बाई. आपण तिघीच."

"मग आत्ता ओंडका कुणी वाजवला?"

तेओलिंदानेही तो आवाज ऐकला होता. टकटक, आणि लगेच ओंडक्यावर पडलेली पावलं, सवयीची, न अडखळणारी. वाटेवर मागे कोणीही नव्हतं. ओंडका रिकामा होता आणि त्यावरून मुंग्यांची रांग चालली होती.

"सुतारपक्षी असेल," ती म्हणाली.

"दोनदा वाजवून गप्प बसणारा?" एदेल्मिराबाईंनी विचारलं. "आमच्या शाळेतल्या शिपायासारखाच दिसतोय, कामचुकार."

तिघी हसल्या. तेओलिंदाचं हसू ओठांतच राहिलं, कारण मनात पाल चुकचुकली होती.

२

लॉजचं स्वयंपाकघर इतर खोल्यांसारखंच खांबांवर उभं होतं. धक्क्यापासून तिथपर्यंत फळ्यांची लांब वाट होती. त्या फळ्यांवर कोण येतंय हे चुलीपुढे बसून, मागे न बघता, झोरायदामावशी ओळखायची. नोल्बेर्तो नावाडी आला की टाचा आपटायच्या, पाहुणे आले की फळ्या बिचकत वाजायच्या.

दुपारी मावशी केळी कुटत होती आणि तेओलिंदा मासे पानांत गुंडाळत होती. गावाहून रेडिओवर धाकट्या बहिणीचा, इल्डाचा, निरोप येऊन गेला होता. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले. फुप्फुसांत पाणी भरलंय, म्हणाले, घरी न्या आणि जवळ बसा. म्हातारा घरी आला होता. डोळे मिटून पडला होता आणि कुणाला ओळखत नव्हता.

तेवढ्यात फळ्या वाजल्या. धक्क्याकडून कोणीतरी येत होतं. झपझप चाल, टाच आधी, मग पंजा. स्वयंपाकघराच्या दाराशी पावलं थांबली.

"आत ये की गं, तेओ," मावशी कुटता कुटता म्हणाली आणि तिचा हात तसाच वर राहिला, कारण तेओ तिच्या समोर बसलेली होती.

दारात कोणी नव्हतं. पावलं वळली आणि जेवणघराच्या बाजूने निघून गेली.

"पापा आहेत," तेओलिंदा म्हणाली.

मावशीने छातीवर क्रूस काढला. त्या नदीवरच्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. माणूस जायला निघाला की देह अंथरुणावर राहतो आणि तो स्वतः बाहेर पडतो. आयुष्यभर जिथे जिथे चालला, तिथे तिथे टाकलेली आपली पावलं वेचत फिरतो. सगळी वेचून झाली की मग त्याला इथे थांबायचं कारण उरत नाही. अशा वेळी घरच्यांनी वाट अडवू नये, झाडू मारू नये, नाव घेऊन हाक मारू नये.

"तू घरी जा, पोरी," मावशी म्हणाली. "बापाचा हात हातात घे."

"पाहुण्या आहेत. त्यांना कोण फिरवणार?"

"नोल्बेर्तो फिरवेल. मेला मकावला कोंबडा म्हणेल, पण फिरवेल."

"नाही जायचं मला," तेओलिंदा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मी गेले तर मला बघावं लागेल, मावशी. आई गेली तेव्हा मी बघितलंय. पापांना नाही बघायचं मला. मला ते हवे आहेत."

ती कोणी लहान मूल नव्हती, चाळिशी ओलांडलेली बाई होती. पण बापाच्या बाबतीत माणसाचं वय वाढत नाही.

३

ती पाळत ठेवायला लागली. पाहुण्यांना रोज नवी वाट दाखवायची, आणि रोज त्या वाटेवर मागून तो आवाज यायचा. आधी खाऱ्या मातीच्या कड्याकडे, जिथे आखूड सोंडेचे टापीर माती चाटायला येतात. मग उंच झाडावर बांधलेल्या मचाणाकडे. तिघी वर बसलेल्या होत्या, समोर लोकरी माकडांचा कळप होता आणि खालून शिडीच्या पायऱ्या एकेक करत वाजत आल्या, मचाणाच्या तोंडाशी थांबल्या आणि तशाच उतरून गेल्या. ओर्तेन्सियाबाईंनी बहिणीचा हात घट्ट धरला. शिक्षिका असताना त्यांनी अनेक मुलांच्या घरी दुःखाचे निरोप नेले असावेत, कारण उतरताना त्यांनी तेओलिंदाच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

"तुझ्या चालीत आणि त्या चालीत काही फरक नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त ती जरा हलकी आहे."

"माझ्या वडिलांची आहे," तेओलिंदा म्हणाली. "त्यांच्याकडूनच शिकले मी चालायला."

एक गोष्ट मात्र तिला खटकत होती. चाळिशीत म्हाताऱ्याला शुशुपे चावला होता, रानातला सगळ्यात जहरी साप. जीव वाचला, पण उजवा पाय तेव्हापासून ओढला जायचा. म्हाताऱ्याची चाल कोणी झोपेतही ओळखली असती, एक पाऊल आणि एक फरफट. या पावलांत फरफट नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती.

तिने मनाची समजूत घातली. दुखरा पाय अंथरुणावर ठेवून आले असतील. मरतानाही लंगडायचं असेल तर देवाला काय म्हणावं? आणि टकटक तर त्यांचीच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे तर माणूस अजून जिता होता.

आणखी एक गोष्ट होती, पण ती तिने कुणाला सांगितली नाही. पाऊस पडून गेल्यावर कड्याच्या वाटेवर नुसता चिखल होता. परत फिरताना तिला त्यात दोघी बाईंच्या गमबुटांचे ठसे दिसले, येतानाचे, ठसठशीत. स्वतःचे दिसले नाहीत. पुढे चालणाऱ्याच्या ठशांवर मागच्यांचे पाय पडतात आणि ते पुसून जातात, ती मनाशी म्हणाली. पण ओर्तेन्सियाबाई तर तिच्या डाव्या अंगाने चालत होत्या. मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणून ती पुढे निघाली.

संध्याकाळी मावशी तिला म्हणाली, "जाळं गुंडाळताना आपण शेवटी टाकलेलं टोक आधी ओढतो. पावलांचंही तसंच. नवी आधी, जुनी मागाहून. म्हणून हलकी होत चाललीत. तरुण होतोय तुझा बाप."

तेओलिंदा मनात हिशोब करू लागली. बापाची सगळ्यात जुनी पावलं कुठे होती? त्याचं जन्मगाव तर नदीने केव्हाच गिळलं होतं. पात्र सरकत आलं, दरड कोसळत गेली, घरं, शाळा, देऊळ सगळं पाण्यात गेलं. म्हणजे जमिनीवर उरलेलं सगळ्यात जुनं काही असेल तर ती तळ्याची वाट. म्हाताऱ्याने तरुणपणी सगळ्यात आधी पाडलेली, आता कुणी न वापरणारी. त्या वाटेवर खोल ओढा होता आणि ओढ्यावर एकच ओंडका.

तो ओंडका नसला तर?

४

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्या झोपल्या असताना तिने कुऱ्हाड घेतली. ओंडका आतून भुसभुशीत झालेला होता, फार वेळ लागला नाही. मधोमध तुटून दोन्ही तुकडे ओढ्यात गेले. पलीकडे गवतात बुडालेली वाट दिसत होती. तेओलिंदा काठावर बसली आणि तिला बरं वाटलं. बापाला वाचवण्यासाठी डॉक्टरांना जे जमलं नाही, ते तिने एका दुपारी केलं होतं.

पावलं दोन दिवसांनी आली. तेव्हा तेओलिंदा काठावर बसलेली होती. वाटेवरची पानं दबल्याचा आवाज तिच्या अंगावरून गेला, इतका जवळून की तिने पाय आखडून घेतले. काठावर आवाज थांबला. मग टकटक ऐकू आली. वाजवायला खाली काही नव्हतं, तरी लाकडाचाच आवाज आला. पुढे पाऊल पडलं नाही. बराच वेळ गेला आणि पावलं मागे फिरली. थोड्या वेळाने परत आली. टकटक. परत फिरली. ऊन कलेपर्यंत हेच चाललं होतं.

"पापा, बास करा ना," ती पुटपुटली. "घरी जा. बरे व्हा."

पावलं इतकी हलकी झाली होती की पान दबायचं आणि लगेच उठायचं.

रेडिओवर इल्डा रडत होती. "ताई, हे काय आहे गं? ना खातात, ना पितात, ना सुटतात. दिवसभर कण्हतात. पाद्री येऊन गेले, तेही म्हणाले, काहीतरी अडलंय. तू काय करत्येस तिथे? ये ना गं!"

तेओलिंदाने माईक खाली ठेवला. मागे मावशी उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तेओलिंदाच्या हातावरचे कुऱ्हाडीचे फोडही तिने पाहिले होते.

"कुठली वाट तोडलीस?"

"तळ्याची."

मावशीने तिला मारलं नाही एवढंच. "अगं, कोंबडी झाकतात टोपलीखाली, बापाला नाही. तुला तो हवाय म्हणून त्याने तसंच पडून राहायचं? कितीक दिवस? वर्ष? दोन वर्षं?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! उद्या ओंडका टाक. आणि तोंडाने सांग त्याला, जा म्हणून. ऐकू आलं पाहिजे असं सांग."

रात्रभर तेओलिंदा जाळीच्या खोलीत जागी होती आणि बापाचं कण्हणं तिला नदीपलीकडून ऐकू येत असल्यासारखं वाटत होतं. आपण प्रेम केलं असं तिला आजवर वाटत आलं होतं. त्या प्रेमानेच त्याचा गळा धरला होता.

५

नोल्बेर्तोने एक ताडाचं खोड होडीला बांधून ओढ्यापर्यंत ओढत आणलं. दोघांनी ते घाम गाळून आडवं टाकलं. "कशाला हवाय हा पूल?" त्याने विचारलं. "या वाटेने तर आता माकडंसुद्धा जात नाहीत." तिने खोड पायाने दाबून पाहिलं. तोही शहाणा, त्याने पुन्हा विचारलं नाही, होडीत जाऊन गळ टाकून बसला.

तेओलिंदा खोडापासून जरा बाजूला, झाडाच्या रुंद मुळाशी उभी राहिली. ऊन पानांतून गळत होतं. माकडं अचानक गप्प झाली, आणि पानं दबत दबत तो आवाज आला.

"जा, पापा," ती मोठ्याने म्हणाली. आवाज फाटला, तरी म्हणाली. "मी अडवलं होतं. चुकले. आता जा तुम्ही. माझी काळजी करू नका. सुखाने जा."

टकटक झाली. या खेपेला खाली खरं लाकूड होतं आणि ते खरंच वाजलं.

बघू नये असं असतं. पण ज्याने चालायला शिकवलं त्याची पाठ शेवटची एकदा बघावी, असं कुणाला वाटणार नाही? तिने मुळाआडून मान पुढे केली.

खोडावरून एक लहान मुलगी चालली होती. सहा-सात वर्षांची, अनवाणी. हातात तिला न पेलणारा कोयता. पाठीवर एक वेडीवाकडी वेणी होती, बायकांनी घातलेली नव्हे, पुरुषाने घातलेली, खाली मासे पकडायच्या दोरीने करकचून बांधलेली. आई गेल्यानंतरच्या वर्षी तेओलिंदाची वेणी अशीच असायची. शाळेतल्या पोरी हसायच्या म्हणून ती घरी येऊन रडायची, आणि बाप दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट बांधायचा.

मुलगी पलीकडे उतरली आणि गवतात दिसेनाशी झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

तेओलिंदा कितीतरी वेळ तशीच उभी होती. बापाबरोबर या वाटेने मीही यायचे, म्हणून मीही दिसले असेन, ती स्वतःला सांगत होती. बापाच्या आठवणीत मी असणारच. पण मग बाप कुठे होता? खोडावर तर ती एकटीच होती.

पुलापाशी ओल्या चिखलात नोल्बेर्तोच्या पायांचे ठसे होते. तिनेही त्याच्या शेजारी उभं राहूनच खोड ओढलं होतं. ती उभी होती तिथे चिखल सारवल्यासारखा गुळगुळीत होता.

६

सकाळी तिला जाग आली तेव्हा उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती आणि काही केल्या उघडत नव्हती. काल खोड ओढलं त्याने हात आखडला असेल, म्हणून तिने तेल चोळलं. मुठीच्या आत ऊब होती, काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

रेडिओ खरखरला. तिने डाव्या हाताने माईक घेतला. इल्डा आता सांगणार, गेले म्हणून. ती त्याला तयार होती.

"तेओ? ए तेओ! बहिरी झालीस का?"

तो म्हाताऱ्याचा आवाज होता. चिरका, दमलेला, पण त्याचाच.

"पापा?"

"मीच. दोघांनी उचलून आणलंय रेडिओपर्यंत, मिरवणूक काढल्यासारखं. ताप उतरला. पहाटे माशाचं कालवण मागून खाल्लं. इल्डा रडतेय बघ, मरत होतो तेव्हाही रडत होती, आता जगलो तरी रडतेय. काय करावं माणसाने?"

तेओलिंदा हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. पण मग काल खोडावरून गेलं ते कोण होतं?

"आणि ऐक, एक गंमत सांगतो," म्हातारा म्हणाला. "पहाटे ग्लानीत होतो. घरात फळ्यांवर दुडूदुडू पावलं वाजत होती. वाटलं इल्डाचं एखादं पोर, पण ती सगळी निजलेली. चार पावलं टाकायची की धपकन बसायची. मग भिंतीला धरून उठायची. तू अशीच शिकलीस की नाही चालायला? भिंतीला धरून, रागारागाने. माझ्या अंथरुणापाशी आली. मी आपलं पूर्वीसारखं बोट पुढे केलं. तर काय सांगू, धरलं गं तिने. इवलीशी मूठ..."

म्हातारा बोलता बोलता थांबला. रेडिओवर नुसती खरखर उरली. त्या नदीवरच्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही.

"तेओ," तो म्हणाला. आवाजातली गंमत गेली होती. "तू बरी आहेस ना?"

"बरी आहे, पापा. मला काय धाड भरलीय?"

"होडीत बस. आत्ताच्या आत्ता. ऐकतेस का?"

"येते."

"मी बोट काढून घेतलेलं नाही. अजून तसंच धरलंय तिने. सोडणार नाही मी."

तिने आपल्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. धरून ठेवल्याने काय होतं हे दोन दिवसांपूर्वी तिला मावशीने सांगितलं होतं. तेच आता बापाला सांगायला हवं होतं, पण तिच्या तोंडून ते निघेना.

"दमाल हो तुम्ही," ती एवढंच म्हणाली.

"दमेन. तू निघ."

तिने माईक ठेवला आणि फळ्यांवरून स्वयंपाकघराकडे निघाली. झोरायदामावशी पाठमोरी, चुलीपुढे बसलेली होती. तेओलिंदा तिच्या खांद्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी घरी निघाले."

मावशी केवढी तरी दचकली. हातातली पळी निखाऱ्यांत पडली.

"अगं बाई, जीव गेला असता माझा! कधी आलीस? फळ्या वाजल्याच नाहीत. पाय वाजवत येत जा की गं, पोरी."

धक्क्यावर नोल्बेर्तो दोघी बाईंचं सामान होडीत चढवत होता. उजवी मूठ छातीशी धरून तेओलिंदा तिकडे चालायला लागली, आणि पाय जरा आपटून टाकत राहिली.